फेड दाढी: सलूनमध्ये मारायची, घरी राखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर पंधरा दिवसांनी सलूनमध्ये दाढीला फेड मारून घेतो, म्हणजे कानापाशी फिकी आणि खाली गडद होत जाणारी दाढी. चार दिवस झकास दिसते, मग कानासमोर काळपट पट्टा यायला लागतो आणि सगळी दाढी फुगल्यासारखी वाटते. म्हणून २० सेटिंगचा ट्रिमर घेतला. कारागिरानं कानाखाली ‘एक नंबर’ लावल्याचं सांगितलं होतं, तसा घरी १ वर ठेवून फिरवला, तर उजव्या गालावर खड्डा पडला आणि डावीकडे पायरी दिसायला लागली. महिन्यावर लग्न आलंय. घरच्या घरी फेड नीट ठेवता येतो का?

येतो. मी चोवीस वर्षं या कामात आहे. वडील गावात धोकटी घेऊन घरोघर जायचे, माझं साताऱ्यात चार खुर्च्यांचं दुकान आहे. फेड घरी बिघडवून आलेली किती मुलं मी सरळ केली याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची चूक हाताची नव्हती. काय करायचंय हेच त्यांना नेमकं माहीत नव्हतं.

आधी फेड चार दिवसांत का जातो ते समजून घ्या. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.४ मिमी वाढतो, कुणाचा थोडा कमी, कुणाचा जास्त. आता हिशोब करा. कानासमोर अर्ध्या मिलिमीटरवर आणलेला केस चार दिवसांत दोन मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे चौपट होतो. हनुवटीवरचा १२ मिमीचा केस त्याच चार दिवसांत साडेतेराच्या आसपास पोचतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दाढी फुगल्यासारखी वाटते ती खाली वाढली म्हणून नव्हे. वरचा फिका भाग काळा झाला, त्यामुळे चेहरा कानापाशी रुंद दिसायला लागला. बिघडते ती फक्त वरची दोन बोटांची पट्टी, आणि मानेवरची एक.

घरी तेवढ्याच पट्टीला हात लावायचा. बाकीच्या दाढीकडे ट्रिमर न्यायचाच नाही. मुलं नेमकं उलट करतात. ट्रिमर हातात आलाच आहे तर सगळीकडून फिरवून घेऊ म्हणतात आणि जबड्यावरची भरदार दाढी पातळ करून बसतात. खाली काळेपणाच उरला नाही तर वरचा फिका भाग कशाच्या तुलनेत फिका दिसणार? फेड म्हणजे फिक्याकडून गडदाकडे जाणारी सावली आहे, आणि त्यातला गडद भाग ही तुमची ठेव आहे. ती मोडू नका.

आता तुमच्या खड्ड्याबद्दल. सलूनमधला ‘एक नंबर’ आणि घरच्या ट्रिमरवरचा १ हे दोन वेगळे आकडे आहेत. आमच्या मोठ्या मशीनच्या पात्यावर केसाची लांबी ठरवणारे जे कंगवे बसतात त्यांत एक नंबर म्हणजे ३ मिमी, दोन नंबर ६, तीन नंबर साधारण १० आणि अर्धा नंबर दीड मिमी. घरच्या ट्रिमरच्या चाकावर बहुधा थेट मिलिमीटर लिहिलेले असतात. ३ मिमीच्या जागी तुम्ही १ मिमी फिरवला. हात चुकला नाही, भाषा चुकली. पुढच्या वेळी सलूनमध्ये गेलात की कारागिराला सरळ विचारा, ‘कुठं किती मिलिमीटर ठेवलंय?’ चांगला कारागीर आनंदानं सांगेल. आणि उठायच्या आधी तिथल्याच उजेडात दोन्ही बाजूंचे आणि मानेचे फोटो काढून घ्या, दुसऱ्या कुणाकडून काढून घेतले तर उत्तम. घरी काम करताना तोच तुमचा नकाशा.

उजेडाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरच्या निम्म्या चुका तिथं होतात. न्हाणीघरात दिवा डोक्यावर असतो. वरून पडलेल्या उजेडानं गालाच्या हाडाखाली सावली पडते आणि तिथं केस दाट आहेत असं वाटतं. माणूस तिथं ट्रिमर फिरवत राहतो, सावली काही जात नाही, केस मात्र जातात. वडील गावात दाढी करायचे तेव्हा गिऱ्हाइकाला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवायचे. तेच करा. सकाळी खिडकीसमोर, खिडकीकडे तोंड करून बसा आणि आरसा खिडकीच्या चौकटीला टेकवा. दुसरा हातआरसा बाजू बघायला. दर दोन-तीन हातांनंतर आरशापासून दोन पावलं मागं या आणि डोळे किलकिले करून बघा. डोळे बारीक केले की एकेक केस दिसेनासा होतो आणि फक्त गडद-फिकं उरतं. पायरी कुठं आहे ते तेव्हाच कळतं. नाक आरशाला लावून फेड कधीच जमत नाही.

दाढी धुऊन पूर्ण कोरडी करा. ओला केस लांब आणि चपटा दिसतो, वाळला की आखडतो आणि आपण जास्त कापलं हे नंतर कळतं. तेल लावलेली दाढी तर अजिबात नको, केसांचे झुबके होतात आणि पात्यात चिकटतात. कोरड्या दाढीवरून कंगवा आधी वरून खाली, मग खालून वर फिरवा आणि पुन्हा खाली बसवा.

वाढीची दिशा बोटानं बघून घ्या. ज्या बाजूला बोट फिरवल्यावर खरखर लागते ती उलटी बाजू. गालावर वाढ बहुतेकांची वरून खाली असते, पण जबड्याच्या कोपऱ्याखाली आणि मानेवर ती आडवी जाते, कुणाची खालून वर येते, कुणाला तिथं भोवराच असतो. श्रावण पाळणारी माणसं महिनाभराची दाढी घेऊन दुकानात येतात तेव्हा ही वळणं अगदी स्वच्छ दिसतात. तुमच्याकडे तेवढी वाढ नाही, म्हणून बोटावर भरवसा ठेवा. हे कशासाठी? कारण एकाच सेटिंगनं सुलट फिरवलं तर केस लांब राहतो आणि उलट फिरवलं तर आखूड कापला जातो. दोन गालांवर आकडा एकच ठेवूनही रंग वेगळा येतो तो यामुळे. उजव्या हातानं काम करणाऱ्याचा उजव्या गालावर ट्रिमर आपसूक खालून वर जातो आणि डाव्या गालावर तिरका. दोन्हीकडे मुद्दाम एकाच दिशेनं, खालून वर, वाढीच्या उलट फिरवायची सवय लावा.

आता प्रत्यक्ष काम. कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो तिथून कानाच्या पाळीच्या खालच्या टोकापर्यंत साधारण दोन बोटांचं अंतर असतं. तुमचा सगळा फेड एवढ्याच जागेत बसला पाहिजे. तो पाळीच्या खाली उतरला की दाढी जबड्याला लोंबल्यासारखी दिसते. घरी काम करणाऱ्यांचा फेड दर वेळी थोडा थोडा खाली सरकतो, म्हणून पहिल्यांदाच ठरवून टाका: पाळीच्या खाली ट्रिमर लहान आकड्यावर न्यायचा नाही.

सुरुवात नेहमी मोठ्या आकड्यानं करायची. समजा फोटोप्रमाणे पाळीपाशी ६ मिमी आहे. ट्रिमर ७ वर ठेवा आणि पाळीच्या जागेवरून वर न्या. जे बाहेर आलेले केस आहेत तेवढेच पडतील. मग ४ वर ठेवून त्याच्या वरच्या अर्ध्या बोटाच्या जागेत, मग २ वर ठेवून त्याच्याही वरच्या. शेवटी कंगवा काढून, नुसत्या पात्यानं अगदी वरच्या अर्ध्या बोटाला. प्रत्येक वेळी ट्रिमर गालाला टेकवून सरळ वर ओढत नेऊ नका. हात संपायच्या आधीच मनगट बाहेर वळवून ट्रिमर गालापासून सुटा करत आणायचा, विमान धावपट्टीवरून उठतं तसा. पायरी पडते ती हात न उचलल्यामुळे. जिथं ट्रिमर थांबला तिथं रेघ राहते. नव्या मुलाला दुकानात घेतलं की पहिले पंधरा दिवस मी हाच मनगटाचा वळसा करायला लावतो, मशीन बंद ठेवून, स्वतःच्या पोटरीवर. तुम्हीही बंद ट्रिमरनं दहा वेळा करून बघा, मग बटण दाबा.

एवढं झाल्यावर दोन पट्ट्यांच्या मध्ये रेघा राहतीलच. आमच्याही राहतात. फेडचं खरं काम ती रेघ पुसण्यात आहे. ४ आणि २ च्या मध्ये रेघ असेल तर ३ वर ठेवा, आणि फक्त रेघेवर, ट्रिमरची पूर्ण रुंदी न टेकवता अर्ध्या पात्यानं, हलके हलके खुडल्यासारखे हात मारा. तरी राहिली तर अडीचवर. एका जागी तीनपेक्षा जास्त वेळा फिरवायचं नाही, दुसऱ्या गालाकडे जायचं आणि परत यायचं. एखादा ठिपका काळा राहतोच. तिथं बारीक दातांचा कंगवा गालाला समांतर धरून केस उचला आणि कंगव्याच्या वर आलेलेच ट्रिमरनं छाटा. कंगवा मध्ये असल्यामुळे खड्डा पडायची भीती राहत नाही. मला विचाराल तर पहिल्या दोन महिन्यांत रेघा पुसायला याच पद्धतीवर जास्त भर द्या.

घरगुती ट्रिमरचा एक दोष सांगून ठेवतो. चाक फिरवून ज्याचा कंगवा पुढं-मागं होतो, त्याच्यावर जोर दिला की काही ट्रिमरांत आकडा आपोआप एक-दोन घर खाली सरकतो. प्रत्येक हातानंतर चाकाकडे नजर टाका. आणि कंगवा काढून परत लावला की ‘खट्’ आवाज ऐकल्याशिवाय गालाकडे नेऊ नका. तिरका बसलेला कंगवा निघून पडतो आणि नुसतं पातं दाढीत घुसतं. यानं झालेलं नुकसान मी सगळ्यात जास्त पाहिलंय.

खड्डा पडलाच तर पहिली गोष्ट, ट्रिमर बंद करून खाली ठेवायचा. दुसऱ्या बाजूला तसाच खड्डा करून ‘सारखं’ करू नका. खड्डा फेडच्या जागेतच असेल तर दोन्ही बाजूंचा फेड अर्ध्या बोटानं खाली आणून तो त्यात सामावून जातो, पण हे सलूनमध्ये करून घ्या. जबड्यावर पडला असेल तर वाट बघणं हाच मार्ग. २ मिमीचा खड्डा भरायला पाच दिवस, ३ मिमीचा असेल तर आठवडाभर लागतो. तुमचा ३ च्या जागी १ झालाय, म्हणजे हे वाचेपर्यंत बहुधा भरतही आला असेल. काळजी करू नका.

मानेची रेघ. इथं बहुतेक मुलं जबड्याच्या हाडावरूनच दाढी कोरतात. २०२० च्या टाळेबंदीत मी हे फार पाहिलं. २८ जूनपासून राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली ती केस कापण्यापुरती, दाढी करायला मनाई होती. त्या दिवसांत येणारी गिऱ्हाइकं घरी कोरलेल्या दाढ्या घेऊन यायची आणि दहातल्या सात जणांची रेघ हाडावर चढलेली असायची. हाडावरून कोरलं की हनुवटीखालचं मांस उघडं पडतं आणि बारीक माणसालाही दुसरी हनुवटी असल्यासारखी दिसते. कंठमण्याच्या वर दोन बोटं आडवी ठेवा, त्या जागेतून दोन्ही कानांच्या मागच्या कोपऱ्यांकडे सैलसर कमान जाईल अशी रेघ धरा. रेघ ठरवताना मान सरळ ठेवा. मान वर करून ठरवली तर कातडी ताणलेली असते, मान खाली आल्यावर रेघ भलतीच वर गेलेली दिसते. ठरली की मग कापताना मान वर करायला हरकत नाही. रेघेखालचं सगळं नुसत्या पात्यानं काढा, रेघेच्या वर अर्धं बोट १ मिमी, त्याच्या वर अर्धं बोट २ मिमी. मानेचा फेड एवढाच, दोन मिनिटांचं काम.

गालावरची वरची रेघ घरी शक्यतो कोरूच नका. सुटे केस चिमट्यानं किंवा ट्रिमरच्या कोपऱ्यानं टिपा. दर वेळी एक मिलिमीटर ‘सरळ’ करायला गेलं की महिन्यात रेघ अर्धं बोट खाली येते, आणि दाढी गालावरून उतरून पट्टीसारखी होते. मिशीचं म्हणाल तर कोरड्या मिशीला खाली विंचरा, तोंड नेहमीसारखं मिटलेलं ठेवा आणि ओठावर आलेलं छोट्या कैचीनं छाटा.

कातडीकडे दुर्लक्ष करू नका. मानेवर वस्तरा मारल्यावर ज्यांना लाल पुटकुळ्या येतात, त्यांचे केस बहुतेक वेळा कुरळे असतात आणि खूप खोल कापल्यावर टोक वळून कातडीतच शिरतं. अशांनी मानेवर उलटी दाढी करूच नये. नुसत्या ट्रिमरनं अर्धा मिलिमीटर खुंट राहू द्यावा, लांबून तो दिसतही नाही. रुतलेला केस सुईनं उकरू नका. काम झाल्यावर गार पाणी, ओली तुरटी एकदा फिरवली तरी चालेल, अर्ध्या मिनिटानं धुऊन टाका. पू असलेले फोड वारंवार येत असतील किंवा गोल चट्टा पडून कडा खाजत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून कुणी सांगितलेलं खाजेचं मलम आणून लावू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर गजकर्ण वरून दबल्यासारखं वाटतं आणि आतून पसरतं. असा चट्टा असलेलं गिऱ्हाईक आलं तर मी दाढीला हात लावत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवतो. आणि ट्रिमर एकाचा एकच. भावाचा, खोलीतल्या मित्राचा वापरू नका, आपला देऊ नका.

मशीनला दर वापरानंतर ब्रशनं झटका आणि दोन-तीन वापरांनंतर पात्यावर मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या, दहा सेकंद चालू ठेवा, पुसून घ्या. खोबरेल वापरू नका. पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते गोठायला लागतं, थंडीत पात्यात साय धरते आणि मशीन केस ओढायला लागतं. पातं ओढतंय असं वाटलं की समजा, एक तर घाण आहे किंवा धार गेली. ओढणाऱ्या पात्यानं फेड करता येत नाही.

किती दिवसांनी करायचं? सलूनमधून आल्यावर चौथ्या दिवशी वरची पट्टी आणि मान, आठव्या दिवशी परत तेवढंच, बाराव्या दिवशी वाटलं तर अजून एकदा. पंधराव्या दिवशी सलून. दोन सलूनच्या मध्ये तीनपेक्षा जास्त वेळा घरी हात मारला तर मूळ आकार हरवतो, मग कारागिरालाही नव्यानं सगळं बसवावं लागतं.

आता तुमचं लग्न. महिना हातात आहे, पुरेसा आहे. या आठवड्यात ट्रिमर कपाटात ठेवा. पुढच्या आठवड्यात सलूनमध्ये जा, सोमवार आणि रविवार सोडून. सोमवारी आमच्यापैकी बरेच जण बंद असतात आणि रविवारी रांग असते, बोलायला वेळ मिळत नाही. दुपारच्या निवांत वेळी बसा, लग्नात जशी हवी तशीच दाढी त्या दिवशी करून घ्या, फोटो काढा, मिलिमीटर लिहून घ्या. मग दोन आठवडे मी सांगितलं तसं घरी राखा. तेवढ्यात हात बसेल, आणि नाही बसला तरी भरून यायला दिवस आहेत. लग्नाच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात घरी फक्त मानेचं करा, कानासमोर ट्रिमर नेऊ नका.

हळदीच्या दिवशी सकाळी दाढी करू नका, ताज्या कापलेल्या कातडीवर हळद झोंबते आणि खुंटांच्या मुळाशी पिवळी राहते. हळद लागली की नवरदेवाला घराबाहेर पाठवत नाहीत, म्हणून कारागिराला आधीच सांगून ठेवा आणि हळद उतरवून अंघोळ झाल्यावर घरी बोलवा. आमच्यातला कुठलाही माणूस त्या बोलावण्याला नाही म्हणत नाही. त्याला खिडकीजवळची खुर्ची द्या आणि तो फोटो दाखवा.